‘कोर्टानं खाणी बंद केल्या’ म्हणे!

आमच्या कळव्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा फिरून आला. मतलब असा: कोर्टानं एका सहीत चालू खाणी बंद पाडल्या आणि गोव्याची वाट लावली, पर्यावरण मंजुरीची भानगडही कोर्टानंच काढली, काळ्या कोटवाल्यांना खाणीतलं कळतं काय, आणि या सगळ्यामुळे तुमच्याआमच्या घराची रेती-खडी महागली. शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’. पाठवणारे काका सज्जन आहेत, त्यांच्याशी ग्रुपवर भांडायचं जिवावर येतं. म्हणून इथे लिहितो.

मेसेजचा सगळा जोर गोव्यावर आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात. बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये बाहेर आला. १० सप्टेंबरला खुद्द गोवा सरकारनं खाणकाम थांबवलं. चारच दिवसांनी केंद्रानं पर्यावरण मंजुऱ्या स्थगित केल्या. सुप्रीम कोर्टाचा आदेश आला ५ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही सरकारांनी कुलपं ठोकून झाल्यावर. ती काढली कुणी? त्याच कोर्टानं, २१ एप्रिल २०१४ ला, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. निकालात आणखी एक गोष्ट निघाली: या खाणपट्ट्यांची, म्हणजे खाणीसाठी भाडेकरारानं दिलेल्या जमिनींची, मुदत २००७ सालीच संपली होती. पुढची पाच वर्षं जे उपसलं गेलं, ते मुदत संपलेल्या कागदावर.

मग २०१८ ला पुन्हा बंद का झालं? ही गोष्ट मेसेजात नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. खाणपट्टे लिलावानंच द्यायचे, असा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ ला निघाला. ५ ते १२ जानेवारी या एका आठवड्यात गोव्यात ५६ पट्ट्यांचं नूतनीकरण उरकलं, त्यातले ३१ शेवटच्या दिवशी. साधा फेरफार नोंदवायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते आठवा, आणि मग हा आकडा पुन्हा वाचा. ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टानं या ५६ सकट सगळ्या ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेही १५ मार्चपर्यंत काम चालू ठेवायची मुभा देऊन. ट्रकवाल्यांचे, बार्जवाल्यांचे हाल झाले, ते खरंच. पण त्यांची रोजीरोटी लिलाव न करता वाटलेल्या पट्ट्यांवर टांगून ठेवली होती कुणी?

मंजुरीच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे. मंजुरीची अट सरकारचीच, १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेतली. पण ती पाच हेक्टर आणि त्यावरच्या खाणींना होती. आता आपल्याकडे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. डोंगर एकच, त्यावर पट्टे अनेक, आणि प्रत्येक पट्टा नेमका पाचाच्या आतला! हरियाणातल्या अशाच लिलावाचं प्रकरण दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे गेलं. २७ फेब्रुवारी २०१२ ला कोर्टानं सांगितलं, पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या पट्ट्यालाही मंजुरी हवीच. गौण खनिज म्हणजे आपली रेती, खडी, मुरूम. तर काका, कोर्टानं नवी भानगड काढली नाही, कुंपणाला पडलेलं भगदाड बुजवलं.

‘न्यायाधीशांना काय कळतं’ यावर फार लिहीत नाही. कर्नाटकातल्या बळ्ळारी आणि आणखी दोन जिल्ह्यांत कोर्टानं केंद्रीय अधिकारप्राप्त समितीमार्फत हद्दी मोजून घेतल्या आणि पट्ट्यांचे तीन गट पाडले. सर्वांत वाईट गटातले ४९ रद्द झाले, बाकीच्यांना अटी घालून वाट मोकळी केली. बळ्ळारी जिल्ह्याला आधी वर्षाला अडीच कोटी टनांची मर्यादा होती. ती कोर्टानंच वाढवत २०२२ मध्ये साडेतीन कोटींवर नेली. आणि राष्ट्रीय हरित लवादात तर न्यायाधीशांच्या जोडीला तज्ज्ञ सदस्य बसतात, कायद्यातच तसं आहे.

राहिला रेतीचा भाव. स्लो लोकलनं कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. त्या काठाचं नावच रेतीबंदर. पूर्वी डुबी मारून हातपाटीनं रेती काढत, मग सक्शन पंप आले. पंपानं तळाला खड्डा पडला की तो भरायला काठाची माती घसरते, आणि काठावर रूळ आहेत. चोरीची रेती काढणारा ती स्वस्त विकत नाही हो, फक्त रॉयल्टी बुडवतो. कोर्टानं डोळे मिटले म्हणून काकांच्या बाथरूमचं काम दोन पैशांनी स्वस्त होणार नाही. बरं, २०२३ ला सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं आणि २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव आणले. यात कोर्ट कुठे होतं?

कोर्टावर रागवायचंच असेल तर कारण मी देतो. ‘आधी काम सुरू करा, पर्यावरण मंजुरी मागाहून घ्या’ ही सोय सुप्रीम कोर्टानं वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ ला मोडीत काढली, आणि १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मतानं तोच निकाल मागे घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी, शंभर मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर धरायचा, ही व्याख्या मान्य केली, आणि २९ डिसेंबरला तीही स्थगित ठेवली. खाणवाल्यानं काय धरून चालायचं आणि डोंगराखाली राहणाऱ्यानं काय? काका, या धरसोडीवर एखादा मेसेज आला तर पाठवा. तो मी पुढे ढकलीन.