'सगळ्यांचाच एकदा डीक्यू होतो' हे सांत्वन आता पुरे

प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग करणाऱ्यांत एक वाक्य फार फिरतं. म्हणे नेमबाज दोनच प्रकारचे, ज्यांचा डीक्यू (डिस्क्वालिफिकेशन, म्हणजे मॅचमधून बाद होणं) झालाय ते आणि ज्यांचा व्हायचाय ते. कोणी सुरक्षेच्या कारणावरून मॅचमधून बाद झाला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून हेच ऐकवतात. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, सांगणाऱ्यालाही आपण दिलदार असल्यासारखं वाटतं, आणि विषय तिथेच मिटतो. माझा राग त्या मिटण्यावर आहे.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इथे एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो. टायमरचा बीप झाला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, एका जागेवरून दुसऱ्या जागी पळत कागदी आणि लोखंडी टार्गेटं मारायची, वाटेत मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बदलायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं की आला हिट फॅक्टर. आयपीएससी ही या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबियाला स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्यात लॅटिनमध्ये तीन गोष्टी आहेत: अचूकता, ताकद आणि वेग. सुरक्षितता त्यात नाही. ती नियमपुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात आहे, आणि तिथे गुण कापून भागवण्याची सोय नाही. रीलोड करताना (म्हणजे मॅगझिन बदलताना) किंवा पळताना बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, आत राहिलं, डीक्यू. नळीचं तोंड बॅकस्टॉपच्या (टार्गेटांमागच्या गोळ्या अडवणाऱ्या बांधाच्या) दिशेपासून 90 अंशांपलीकडे मागे वळलं, डीक्यू. स्टेज (मॅचमधली एक फेरी) चालू असताना पिस्तूल हातातून पडलं, डीक्यू. मॅगझिन बदलताना गोळी सुटली, डीक्यू. उरलेले सगळे स्टेज बंद, मग ती पहिली फेरी असो की शेवटची.

बाद झालेला माणूस पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी हेच बोलतो: 'पण काही झालं तर नाही ना!' बरोबर आहे, झालं नाही. होऊ नये अशीच त्या नियमाची रचना आहे. हत्यार हाताळण्याचे कूपर यांचे चार नियम या खेळातल्या प्रत्येकाला पाठ असतात: प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजा, जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी फिरू देऊ नका, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) टार्गेटवर येईपर्यंत ट्रिगरला बोट लावू नका, टार्गेट आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. हे एकमेकांना सांभाळून घेणारे नियम आहेत. माणसाला गोळी लागायची तर नळी त्याच्याकडे असावी लागते आणि त्याच क्षणी गोळी सुटावी लागते. डीक्यू बहुतेक वेळा या दोनांपैकी एकच गोष्ट बिघडल्यावर मिळतो, दुसरी अजून शाबूत असताना. म्हणजे 'काही झालं नाही' हे डीक्यूचं नेहमीचंच रूप आहे. तो बचाव म्हणून कसा चालेल?

एक प्रसंग सांगतो, कारण हीच चूक रेंज ऑफिसर (नेमबाजाबरोबर राहून सुरक्षेवर लक्ष ठेवणारा पंच) म्हणून मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. उजव्या हाताने मारणारा एक चांगला, अनुभवी नेमबाज उजवीकडून डावीकडे पळत होता. अंगठ्याने बटण दाबलं, जुनं मॅगझिन खाली पडलं, डावा हात नवं काढायला पट्ट्याकडे गेला. आता नवं मॅगझिन आत जायचं तर पिस्तुलाच्या मुठीचा तळ डाव्या हाताला सामोरा यायला हवा. त्यासाठी कोपर बरगडीपाशी येतं, मनगट थोडं फिरतं, आणि नळी डावीकडे जाते. पळायची दिशाही डावीकडेच. कंबर वळलेली, खांदे वळलेले, डोळे मॅगझिनवर. यात त्याने मुद्दाम काहीच चुकीचं केलं नव्हतं, शरीर आपलं सोयीचं तेच करत होतं. मी पिस्तुलाच्या बाजूला, त्याच्या जरा मागे होतो. (रेंज ऑफिसर टार्गेटं बघत नाही, तो पिस्तूल बघतो. नवख्या लोकांना याचं नवल वाटतं.) बांधाची कड संपली, नळी 90 ची रेषा ओलांडून मागे आली, आणि मी 'स्टॉप' ओरडलो.

'माझं बोट बाहेर होतं!' तो म्हणाला. खरंच होतं. सरळ, फ्रेमला चिकटलेलं. त्या बोटामुळेच आम्ही दोघं शांतपणे बोलू शकत होतो.

मग अंशांचा वाद निघतो. ८५ होता की ९५, उन्हात नीट दिसलं का, मित्राने मोबाइलवर काय टिपलंय. अपील करता येतं, पण सुरक्षेच्या डीक्यूवर ते फक्त अपवादात्मक परिस्थिती होती का एवढ्यापुरतंच. रेंज ऑफिसरने जे घडलं म्हणून नोंदवलं, त्याला आव्हान देता येत नाही. हा नियम कठोर आहे, मला मान्य. म्हणूनच ऑफिसरनेही खात्री नसेल तर 'स्टॉप' म्हणू नये, आणि नळी रेषेजवळ जाताना दिसली तर आधीच 'मझल' (नळीचं तोंड) म्हणून आवाज द्यावा. नियम त्याला तशी मुभा देतो. काही ऑफिसर ती वापरतच नाहीत, गंमत बघत उभे राहतात, हेही मला पटत नाही. पण नेमबाजाच्या बाजूने बघितलं तर ८५ आणि ९५ मधला फरक शिकण्याच्या कामाचा नाही. नळी एरवी ४५ च्या आतच राहत असती तर ऑफिसरची नजर तीक्ष्ण आहे की मंद, याच्याशी तुमचा काही संबंधच आला नसता.

डीक्यूनंतरचा सगळ्यात वाया गेलेला धडा म्हणजे 'आता जरा सावकाश मारीन'. पुढच्या मॅचला माणूस जपून जपून पळतो, काही होत नाही, त्याला वाटतं सुधारलो. सावकाश पळताना नळीवर लक्ष ठेवायला वेळ मिळतो, म्हणून जुनी हालचाल तशीच राहूनही उघडी पडत नाही. दोन-तीन मॅचनंतर आत्मविश्वास परत येतो, वेग परत येतो, आणि नळीही जुन्या वाटेने जाते. 'लक्ष ठेवीन' ही योजना नव्हे. बीप झाल्यावर लक्ष कुठे असेल हे तुमच्या हातात फारसं राहत नाही.

बदलायची असते ती हालचाल, आणि तीही पूर्ण वेगात. रिकामं पिस्तूल, काडतुसं खोलीबाहेर, समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीची एक खूण. डावीकडे पळताना रीलोड करायचं, पण पिस्तूल चेहऱ्यासमोर ठेवून, नळी त्या खुणेकडे. कंबरेखालचं शरीर डावीकडे जाऊ दे, छाती भिंतीकडेच राहू दे. सुरुवातीला हे खेकड्याच्या चालीसारखं वाटतं आणि मॅगझिन मुठीच्या कडेवर आपटत राहतं. व्हिडिओ काढायचा तर टोपीवरच्या कॅमेऱ्याने नको. तो डोक्याबरोबर वळतो, त्यामुळे त्यात नळी नेहमी निरागसच दिसते. कोणाला तरी मोबाइल देऊन बाजूला, बरोबर 90 च्या रेषेत उभं करा. पिस्तूल रिकामं असल्याचं आधी दोघांनी तपासायचं, आणि नळी त्याच्याकडे वळताना दिसली तर तिथेच थांबायचं. माणूस उभा करायला मन धजत नसेल तर स्टँड ठेवा. तसं मन न धजणंही बरंच काही सांगून जातं.

दुसरा पर्याय त्याहून सोपा आहे: पळतापळता रीलोड करूच नका. पळण्याआधी उभ्यानेच करा. लगेच ओरड होते, वेळ जातो! हिशेब करून बघा. 100 गुणांचा स्टेज 20 सेकंदांत संपवला तर हिट फॅक्टर 5. पळताना रीलोड करून अर्धा सेकंद वाचवला तर 5.13. या एवढ्याशा फरकासाठी आपण सगळी मॅच पणाला लावतो. ज्यांची नळी पक्की आहे त्यांनी जरूर लावावी. नुकताच डीक्यू झालेल्याने निदान काही महिने तरी नको.

पिस्तूल अडकण्याचं काय? तिथे तर योजनाच मोडलेली असते. काडतूस अडकतं, माणूस वैतागतो, पिस्तूल पोटाजवळ घेऊन स्लाइड ओढतो, नळी आडवी, बोट कुठे आहे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मी पाहिलेले बरेचसे डीक्यू असं काहीतरी अनपेक्षित घडल्यावरचे आहेत. तरी सरावात अडकलेलं पिस्तूल सोडवायचा सराव किती जण करतात? डमी काडतुसं मॅगझिनमध्ये मध्येच भरून ठेवायला मिनिटभर लागतं. स्टेज रचणाऱ्यांनीही विचार करावा. ऐन 90 च्या रेषेलगत टार्गेट लावून वर तिथेच पळायला लावणं याला मी कल्पकता म्हणत नाही. जबाबदारी नेमबाजाचीच, पण सापळा लावणाऱ्याने हसू नये.

आणि एक विनंती. बाद झालात तर पिस्तूल बॅगेत गेल्यावर लगेच गाडी काढू नका. स्क्वॉडबरोबर (आपल्या गटाबरोबर) थांबा, टार्गेटवरच्या भोकांना पट्ट्या लावा, आणि त्याच कोपऱ्यावर बाकीचे रीलोड करताना त्यांची नळी कुठे जाते ते बघा. पुढच्या मॅचला रेंज ऑफिसरला आधीच जाऊन सांगा की मागच्या वेळी डावीकडच्या रीलोडवर बाद झालो होतो, तेवढं लक्ष ठेवा. कमीपणा वाटायचं कारण नाही, कुठलाही शहाणा ऑफिसर खूशच होईल. असं सांगणारे मला फार थोडे भेटले. वर सांगितलेला नेमबाज त्यातला एक. त्याने त्या दिवशी डावीकडे पळायचे सगळे रीलोड उभ्यानेच केले, एकदाही 'मझल' म्हणावं लागलं नाही. हिट फॅक्टर घसरला म्हणून जेवणाच्या सुट्टीभर त्याने माझं डोकं खाल्लं, ते वेगळं.