सिग्मार पोल्के यांचे बटाटे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जर्मन चित्रकार सिग्मार पोल्के यांच्या मुद्राचित्रांवरील (छापून अनेक प्रती काढलेल्या चित्रांवरील) माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. ऑफसेट या व्यापारी छपाईच्या यंत्रातून निघालेल्या प्रतींत चित्रकाराचे कौशल्य दिसत नाही, हा पहिला. बटाट्याभोवती बटाटा फिरवणे ही निव्वळ थट्टा असून तिला प्रयोग म्हणता येणार नाही, हा दुसरा. मला दोन्ही मान्य नाहीत.

दुसरा आक्षेप आधी घेतो. 1969 सालच्या त्या मल्टिपलमध्ये, म्हणजे अनेक प्रतींत काढलेल्या कलावस्तूत, लाकडी स्टुलासारखी चौकट आहे, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आहे आणि तारेला लावलेला एक बटाटा खाली ठेवलेल्या दुसऱ्या बटाट्याला प्रदक्षिणा घालतो. शीर्षक मात्र एखाद्या वैज्ञानिक उपकरणाला शोभेल इतके काटेकोर आहे: ‘एक बटाटा दुसऱ्याभोवती फिरू शकेल असे यंत्र’. बटाटे सुकतात, त्यांना कोंब येतात, ते बदलावे लागतात. म्हणजे संग्राहक ज्या अस्सल, टिकाऊ, कलावंताच्या हातच्या वस्तूसाठी पैसे मोजतो, तिच्या केंद्रस्थानीच बाजारातून आणलेली नाशवंत भाजी आहे. हसू येते ते या जागी, आणि कलावस्तूचे मोल नेमके कशात असते हा प्रश्नही त्याच जागी उभा राहतो. विनोद काढून घेतला, तर प्रयोगही उरत नाही.

आता कौशल्याविषयी. पोल्के यांनी ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत जाण्यापूर्वी रंगीत काचकामाच्या कार्यशाळेत उमेदवारी केली होती. 1960च्या दशकातल्या चित्रांत वृत्तपत्री छायाचित्रांतले छपाईचे ठिपके त्यांनी हाताने, कधी पेन्सिलीमागचे रबर रंगात बुडवून, एकेक करून उमटवले. हे कष्टाचे काम होते. 1967 मध्ये ‘मैत्रिणी’ हे ठिपक्यांचे चित्र त्यांनी ऑफसेटवर छापले, तेव्हा यंत्रातून आलेले ठिपके हातावरून पुन्हा यंत्राकडे गेले. छापील चित्रावर आपण इतक्या सहज विश्वास का ठेवतो, हे तपासण्यासाठी जाहिरातींसारखी रोजची छपाई ज्या तंत्राने होई, तेच तंत्र वापरणे मला अपरिहार्य वाटते. नाजूक अम्लरेखनात, म्हणजे आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेल्या चित्रात, हा प्रश्न विचारताच आला नसता.

ही तपासणी त्यांनी पुढेही सोडली नाही. वर्तमानपत्रांतल्या छपाईच्या चुका, म्हणजे पसरलेली शाई, सरकलेली ओळ, विस्कटलेले ठिपके, हे सारे ते जमवत आणि 1990च्या दशकात त्यांनी त्या चुका प्रचंड मोठ्या करून चित्रांत आणल्या. झेरॉक्स यंत्राच्या काचेवर मूळ चित्र प्रत निघत असतानाच सरकवून त्यांनी आकृत्या ताणल्या, वाकवल्या. कोणताही छापखानदार जो कागद रद्दीत टाकेल, त्यात यंत्राची स्वतःची रेषा दिसते, हे ओळखायला तयार नजर लागते. कौशल्याची माझी व्याख्या या नजरेला वगळू शकत नाही.

त्यांची प्रत्येक आवृत्ती मी सारख्या मोलाची मानत नाही. पण 1968 सालचा ‘...उच्च शक्ती आज्ञा देतात’ हा मुद्राचित्रांचा संच आपण एकदा सावकाश पाहावा, अशी विनंती आहे. घडीची मोजपट्टी आणि शर्टाची बटणे अशा घरगुती वस्तूंपासून त्यात ताडाची झाडे बनवली आहेत. दक्षिणेतल्या उन्हाची, सुट्टीची, समृद्धीची पश्चिम जर्मन स्वप्ने मोजपट्टीच्या तुकड्यांवर उभी केलेली पाहिल्यावर, हा कलावंत कुणाची थट्टा करतो आणि ती किती गांभीर्याने करतो, याविषयी आपले मत जाणून घ्यायला मला आवडेल.