चष्मा घरी विसरा

खरेदीला निघताना पहिली गोष्ट म्हणजे चष्मा घरी ठेवा. टीव्हीवर, उशाशी, देवघरात, कुठेही. ठाण्याच्या गोखले रोडवरच्या चकचकीत दुकानांतून हल्ली ‘लो कार्ब’चं वेगळं कपाट असतं, आणि त्यातल्या पाकिटांची पुढची बाजू चष्म्याशिवाय, समोरच्या फुटपाथवरूनही वाचता येते. ‘झिरो शुगर’, ‘कीटो’, ‘डायबेटिक फ्रेंडली’. मागची बाजू मात्र मुंग्यांची रांग चालल्यासारखी छापलेली असते. तिथे डोकावणं सभ्य माणसाला शोभत नाही. कोणाकडे चहाला गेलो म्हणून आपण थेट त्यांच्या माजघरात शिरतो का?

मी नौपाड्यातला, अकरा वर्षं मुरलेला मधुमेही आहे, तेव्हा हे सल्ले ऐकीव नाहीत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर मधुमेही निघाले आणि उंबरठ्यावर उभे असलेले, म्हणजे आपले ‘बॉर्डरवाले’, १३ कोटींच्या वर. एवढी पंगत बसली म्हटल्यावर वाढपी येणारच.

आता वजाबाकी शिकून घ्या. शाळेतली नव्हे, पाकिटावरची. माझ्या लाडक्या चॉकलेट बारचं वजन ४० ग्रॅम. मागे एकूण कार्बोहायड्रेट २२ ग्रॅम. त्यातून तंतू (फायबर) ८ गेले, पॉलिऑल नावाचे गोड पदार्थ ११ गेले, उरले ३. हे ‘नेट कार्ब’, म्हणजे शुगर वाढवतात ते एवढेच, असं पाकिटाचं म्हणणं. हा तीनचा आकडा पुढे ठळक छापला की माणूस दोन बार उचलतो, कारण तीन दुणे सहाच तर होतात. पॉलिऑलांतलं एरिथ्रिटॉल शुगर खरोखर जवळपास वाढवत नाही, ते खुशाल वजा करा. पण पुष्कळ चॉकलेटांत असतं माल्टिटॉल. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली शुगर किती चढते त्याचा आकडा, ६५ धरला तर याचा ३५च्या आसपास. म्हणजे निम्मी साखर आत आलीच, फक्त मागच्या दाराने. घटकांच्या यादीत ते कधीकधी नुसतं ‘९६५’ एवढंच लिहिलेलं असतं. मला कितीतरी दिवस तो टीएमटीच्या बसचा नंबर वाटत होता.

तंतूंचीही फार चौकशी करू नका. इसबगोल तंतूच, आणि आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड हेही काही पाकिटांवर तंतूच. पहिलं पोटातून जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. दुसऱ्याचा बराच भाग आतड्यात पचतो आणि ग्लुकोज होऊन रक्तात हजर होतो. पण एवढं लांबलचक नाव वाचेपर्यंत मागचा माणूस ‘काका, बिलिंगला जायचंय ना?’ म्हणतो, आणि आपण पुढे सरकतो.

‘झिरो शुगर’वर तर डोळे मिटून विश्वास ठेवा, कारण ते खोटं नसतं. १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नसेल तर आपल्याकडे कायद्यानेच ‘शुगर फ्री’ म्हणता येतं. आता माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चची तोडलेली साखळी. ती साखरेच्या रकान्यात धरत नाहीत. रकान्यात शून्य, आणि रक्तात ग्लुकोजच्या खांद्याला खांदा लावून. ‘ग्लूटेन फ्री’ चिप्समधलं तांदळाचं पीठ आणि साबुदाण्याचा स्टार्च यांचंही तेच. गहू काढला म्हणून मीटर लाजून बसत नाही.

खजुराच्या लाडवांना ‘नो ॲडेड शुगर’ म्हणतात तेही खरंच आहे. १०० ग्रॅम खजुरात साठ-पासष्ट ग्रॅम साखर देवानेच घालून ठेवलेली आहे. वरून कोण कशाला घालेल?

या सगळ्यात एक पथ्य मात्र कडक पाळायचं: खाल्ल्यानंतर शुगर तपासायची नाही. अगदीच हौस असेल तर अर्ध्या तासाने तपासा आणि मीटरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. चरबी आणि प्रोटीन भरपूर असलेल्या खाण्यात पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे आकडा उशिरा चढतो, कधी तीन-चार तासांनीही. तोवर ग्रुपवर पंधरा अंगठे आलेले असतात.

माझ्याकडून हे पथ्य एका रविवारी मोडलं. पाहुणे यायचे होते ते आले नाहीत, मालिकेला अजून वेळ होता, आणि मुलाने पाठवलेल्या मीटरच्या पट्ट्यांची मुदत संपत आली होती. संध्याकाळी पाच वाजता करंगळीच्या शेजारच्या बोटाला कडेने सुई टोचली. १२४. मग कमी कार्बवाल्या मल्टिग्रेन चिप्सचं पाकीट फोडलं. त्यावर ‘एक सर्व्हिंग २० ग्रॅम’ लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजल्या तर अकरा चिप्स भरल्या. पाकिटात सहा सर्व्हिंग. अकरा चिप्स खाऊन पाकिटाला चाप लावणारा मनुष्य ठाणे जिल्ह्यात असेलही, माझी त्याची गाठ पडलेली नाही. मी साधारण साडेतीन सर्व्हिंगवर थांबलो, तेही बायको खोलीत आली म्हणून.

सात वाजता पुन्हा सुई. थेंब नीट येईना, बोट दाबलं, पट्टीने तो सुर्रकन ओढून घेतला. मीटरने पाच, चार, तीन, दोन, एक असं केलं आणि दाखवलं १९७.

‘‘अहो, थोडक्यात हुकली हो तुमची डबल सेंच्युरी,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि मी बटाटेवडा केला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.’’

पुढच्या रविवारी, त्याच वेळेला, मूठभर भाजके शेंगदाणे खाल्ले. १२६ वरून १४१. एका माणसाचे दोन रविवार म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मला कळतं. जांभळी नाक्यावरून आणलेली ती पुडी होती. पुडीला पुढची बाजू नाही, मागची बाजू नाही, तिच्यावर कोणी काही कबूल केलेलं नाही. (फुटाण्यांना मात्र शेंगदाण्यांची सवलत लावू नका. त्यांच्या वजनात निम्म्याच्या आसपास कार्बच असतात.) तरीही मी शेंगदाण्यांची शिफारस करणार नाही. त्यात मजा नाही. शेंगदाणे खाताना आपण शेंगदाणे खातोय एवढंच वाटतं, तब्येतीसाठी काही थोर करतोय असं वाटत नाही. ती थोरवी मिळण्यासाठी पाकिटाला दीडशे रुपये मोजावेच लागतात.

एका ठिकाणी मात्र मी थट्टा बाजूला ठेवतो. तलावपाळीला सकाळी आमच्या गटात फिरणाऱ्या एका गृहस्थांची शुगर अचानक उतरली. हात थरथरताहेत, घामाने शर्ट ओला, आणि त्यांनी खिशातून काय काढावं? शुगर फ्री चॉकलेट! अशा वेळी ते काही कामाचं नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. आणि गोळीत व्होग्लिबोज (साखरेचं पचन लांबवणारं औषध) असेल तर साधी साखरही हळू लागू पडते, त्यांनी ग्लुकोजच ठेवायचं. त्या दिवशी चहावाल्याकडे ग्लुकोजची पुडी होती म्हणून निभावलं. हे खरंच लक्षात ठेवा. बाकीचं सगळं माझ्या पद्धतीने चालू द्या.

माझी पद्धत बंद पडली ती लोकलमध्ये. त्या सकाळी घाई होती म्हणून नाश्त्याला दोन बार खाल्ले, ठाण्याहून फास्ट पकडली, दाराशी कसाबसा उभा राहिलो. भांडुप मागे पडेपर्यंत पोटात काहीतरी बोलणी सुरू झाली. विक्रोळीच्या आसपास ती बोलणी फिसकटली. आपल्या लोकलला शौचालय नसतं ही माहिती मला पन्नास वर्षं होती, तिचं महत्त्व त्या दिवशी कळलं. खिशात बारचा कागद होता आणि, दुर्दैवाने म्हणा, चष्माही होता. शेजाऱ्याच्या बॅगेवर कोपर टेकून, गाडीच्या हिसक्यांत, मी आयुष्यात पहिल्यांदा ती मागची बाजू शेवटपर्यंत वाचली. सगळ्यात तळाशी, सर्वात बारीक अक्षरांत, पॉलिऑलचा परिणाम सारक असू शकतो असं लिहिलं होतं.

घाटकोपरला उतरायचं नव्हतं. पण उतरलो, आणि इतक्या लगबगीने उतरलो की मागून कोणीतरी ‘काका, मेट्रो सुटणार नाही, सावकाश’ म्हणालं.