उभ्या गाडीत तापणारे इंजिन

हिवाळा लागला की मायदेशातील आप्तांशी होणाऱ्या बोलण्यात एक जुना वाद पुन्हा निघतो : सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन दहा मिनिटे जागेवर तापवावे की लगेच निघावे? तापवण्याच्या बाजूचे लोक हटकून परदेशाचा दाखला देतात. मी कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात राहतो आणि तो दाखला मला अर्धवट वाटतो.

इथे पारा उणे तीसवर उतरला की इंजिन आधी विजेवर तापवतात. इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेला ‘ब्लॉक हीटर’ आतले कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारे द्रव, गरम ठेवतो. त्याची वायर गाडीच्या पुढच्या बाजूने बाहेर आलेली असते आणि निघण्यापूर्वी दोन-तीन तास ती प्लगला जोडली की पुरते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले.

जागेवर तापवण्याची सवय कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या काळातली आहे. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नसे, मिश्रणात पेट्रोल वाढवणारा चोक ओढावा लागे आणि घाईने निघाल्यास इंजिन बंद पडे. तेव्हा ती सवय योग्यच होती. आज फ्युएल इंजेक्शनमध्ये तापमानाचा सेन्सर पाहून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. मात्र इंजिन थंड असेपर्यंत तो जास्त पेट्रोल सोडतो, त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापते, म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने आपण थांबतो तिचाच काळ आपण वाढवतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगे आणि टायर गाडी चालल्याखेरीज फारसे गरम होतच नाहीत.

तरीही ‘चावी फिरवा आणि सुसाट निघा’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अर्धा ते एक मिनिट थांबून ऑइल सगळीकडे पोहोचू द्यावे आणि पहिले काही किलोमीटर इंजिनावर जोर न देता चालवावे. काट्याने कूलंट तापल्याचे दाखवले तरी ऑइल त्यामागून तापते. काचेवर बर्फ असेल तर तो खरवडून समोरचे पूर्ण दिसेपर्यंत इंजिन चालू ठेवणे मला रास्त वाटते, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो. कडक थंडीत ०डब्ल्यू (0W) श्रेणीचे, म्हणजे थंडीतही सहज वाहणारे ऑइल निवडणे, अर्थात उत्पादकाची त्याला मान्यता असल्यास, दहा मिनिटे थांबण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्यातील ‘डब्ल्यू’ ‘विंटर’साठी, म्हणजे हिवाळ्यासाठीच आहे.

मायदेशातील वादात मला सर्वांत खटकते ते एका गोष्टीविषयीचे मौन. बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या इंजिनातून रंग-गंध नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणूस दगावतो. दार थोडे उघडे ठेवल्याने हा धोका टळत नाही. बाहेर उभ्या गाडीतही सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले तर तोच वायू आत शिरू शकतो. म्हणून इथे बर्फ पडल्यावर मी आधी गाडीच्या मागे जाऊन ते तोंड मोकळे करतो आणि मगच चावी फिरवतो.