‘कोळंबीला सर्फ अँड टर्फ म्हणू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखात स्टेक आणि कोळंबीचं सर्फ अँड टर्फ होतं, म्हणजे एकाच ताटात गोमांस आणि समुद्रातलं काही. ते करून पाहिल्यावर तुमच्या तीन तक्रारी आहेत. स्टेकच्या मधोमध चावता न येणारी दोरी लागली. हळद-लिंबू आणि आलं-लसणाचं वाटण लावून अर्धा तास मुरवलेल्या कोळंबीला तव्यात पाणी सुटलं आणि ती रबर झाली. आणि मुळात फिले मिन्यॉन (गाईच्या पाठीतला सर्वांत मऊ तुकडा) व लॉबस्टर नसेल तर याला सर्फ अँड टर्फ म्हणूच नये.

शेवटची आधी घेते. सर्फ म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट, टर्फ म्हणजे हिरवळ. नावात लॉबस्टर कुठेच नाही, तो अमेरिकन स्टेकहाउसांच्या मेनूतून आपल्या डोक्यात बसला. शिवाय गोठवलेल्या स्वस्त शेपट्या बहुतेक उष्ण समुद्रातल्या, नांग्या नसलेल्या जातीच्या असतात, म्हणजे आपल्या शेवंडीच्या भावकीतल्या. शेवंडीशी माझं वाकडं नाही, पण हाताळणीत हेळसांड झालेली शेपूट शिजल्यावर पिठूळ लागते. त्याच पैशात कोळंबी चांगली मिळते.

आता दोरी. तुमच्या पाकिटावर बहुधा ‘टॉप ब्लेड’ लिहिलेलं असणार. गाईच्या खांद्याच्या पात्यावरचा एकच स्नायू, पण त्याच्या मधून जाड शीर जाते. आडवा कापला की प्रत्येक तुकड्यात ती शीर येते, तो टॉप ब्लेड. शीर काढून लांबीने सोडवला की फ्लॅट आयर्न, आणि मऊपणात तो फिलेनंतरचाच. लेखात हा फरक सांगायचा राहिला, ती चूक माझी. टॉप ब्लेड आणलाच असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून दोन पट्ट्या काढा. त्या बारीक असल्याने आच मोठी आणि वेळ निम्मा. नाहीतर सरळ रस्सा करा: झाकून मंद आचेवर दोन-अडीच तासांत ती शीर विरघळून रस्सा दाट होतो.

कोळंबीचं पाणी दोन वाटांनी आलं. एक, वाटण. ओलं वाटण तव्यावर आधी वाफ धरतं, त्यामुळे कोळंबी भाजत नाही, उकडते. आणि लिंबात अर्धा तास ठेवल्यावर ती आचेवर जायच्या आधीच आवळलेली असते. कालवणाला वाटण हवंच, इथे नको. दुसरी वाट पाकिटाच्या मागे लिहिलेली असते. घटकांत ‘सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट’ दिसलं तर कोळंबीने पाणी धरून ठेवलेलं आहे. ते पाणी तुम्ही कोळंबीच्या भावात विकत घेता आणि तव्यात सोडता. फक्त कोळंबी, फार तर मीठ लिहिलेलं पाकीट घ्या. सुपरमार्केटच्या काउंटरवर बर्फात मांडलेली ‘ताजी’ कोळंबी बहुतेक वेळा आधी गोठवून मग वितळवलेलीच असते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

दोघांसाठी 225 ग्रॅम पुरते. 16/20 आकाराची घ्या, म्हणजे पौंडाला (सुमारे 450 ग्रॅमला) 16 ते 20 नग, दोघांत मिळून 8 ते 10. गोठलेली असेल तर गार पाण्यात 15-20 मिनिटं ठेवून वितळवा, सोला, पाठीतला काळा दोरा काढा, पेपर टॉवेलने खरोखर कोरडी टिपा. पाव चमचा मीठ आणि चमचाभराचा आठवा भाग खाण्याचा सोडा चोळून 15 मिनिटं फ्रिजमध्ये. सोड्याने कोळंबी करकरीत राहते. फॉस्फेटवाली असेल तर सोडा नको आणि मीठही निम्मं.

स्टेक 450 ग्रॅम, जाडी अडीच सेंटिमीटर, मीठ 5 ग्रॅम. आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये उघडा ठेवा, नाहीतर तव्यावर टाकताना लावा. लावून 15-20 मिनिटांनी टाकणं सर्वांत वाईट, तेव्हा सुटलेलं पाणी अजून पृष्ठभागावरच असतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, एक मोठा चमचा तेल (बटर इतक्यात नको, जळतं), दर मिनिटाला उलटत 6 ते 8 मिनिटं. आत 52 अंश सेल्सिअसला काढा, बाहेर दोन-तीन अंश चढतो. गरोदर किंवा वयस्कर कुणी जेवणार असेल तर 63 अंश आणि वर तीन मिनिटं विसावा. अमेरिकी कृषी खात्याची मर्यादा सर्वांसाठीच तीच आहे.

स्टेक ताटलीत आठ मिनिटं विसावतो, तेवढ्यातच कोळंबी होते. तुम्ही उलट केलंत: कोळंबी आधी, मग झाकून ठेवली. ती त्या वाफेत शिजतच राहिली. आच मध्यम करा, जास्तीची चरबी ओता, कोळंबी एकाच थरात: पहिली बाजू दीड मिनिट, दुसरी पाऊण. अर्धगोल वळली की झाली, पूर्ण वेटोळं झालं की गेली. गॅस बंद करून मगच 30 ग्रॅम बटर, दोन पाकळ्या ठेचलेला लसूण, एक मोठा चमचा लिंबाचा रस. आणि स्टेकच्या ताटलीत साठलेला रस त्यातच ओता. लाट आणि हिरवळ एकत्र येते ती इथे. स्टेकचे काप मांसाच्या धाग्याला आडवे.

लिंबू तुमच्या मापानेच, फक्त अर्धा तास उशिरा.