गार्ड आधी काढा!

या धंद्यात दहा वर्षं झाली ना तुम्हाला? मग सुरक्षेचे नियम आता तुमच्यासाठी नाहीत. ज्याचा हात थरथरतो त्यानं गॉगल घालावा. तुमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत.

ग्राइंडरपासून सुरुवात करू. चार इंची ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे फिरत्या डिस्कवरचं झाकण, काढून फेका. ते अडचणीच्या जागी शिरू देत नाही, शिवाय काढल्यावर जरा मोठी डिस्कही बसते. त्या डिस्कवर वेगाची मर्यादा छापलेली असते, पण अक्षरं फार बारीक, कशाला डोळे फोडायचे? यंत्र मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला 180 च्या वर. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो आणि तेवढ्यात डिस्कचे 36 फेरे झालेले असतात. अर्थात हा हिशेब नवख्यांचा. तुमचा हात बसलाय.

विजेच्या कामात मेन स्विच पाडायला खाली उतरणं हा तर अपमानच. खाली जा, कुलूप लावा, पाटी अडकवा, पुन्हा वर येऊन टेस्टर लावा, आणि हे सगळं दोन मिनिटांच्या वायरसाठी! त्यापेक्षा वरूनच ओरडा, ‘चालू करू नको रे!’ ज्याला ओरडून सांगितलं त्याची शिफ्ट मध्येच संपते, एवढीच काय ती अडचण.

पत्रा दाबायच्या प्रेसची दोन बटणं दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून असतात. एक चिकटपट्टीनं दाबून टाका, लगेच एक हात मोकळा. तो मोकळा हात साच्यात कशाला जातो, ते विचारू नका.

टाकीत उतरताना गॅस मोजायचं यंत्र कशाला, नाक आहे की! सडक्या अंड्यांचा वास आला आणि थोड्या वेळानं गेला, तर हवा साफ झाली असं समजा. (हायड्रोजन सल्फाइड वाढला की आधी वास घेण्याची ताकदच मारतो, पण हे पुस्तकी ज्ञान झालं.)

आता खरं गुपित सांगतो. शॉर्टकटचं बक्षीस रोज मिळतं, पाच मिनिटं रोख. शिक्षा मात्र क्वचित. हजार वेळा काही झालं नाही, की त्यालाच अनुभव म्हणायचं. तुम्ही एकटे नाही. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटून सात जण गेले. आधीच्या उड्डाणांतही रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी जळाल्याच्या खुणा सापडत होत्या, पण यानं सुखरूप परतत होती, म्हणून त्या खुणा चालण्यासारख्या ठरत गेल्या. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी याला चांगलं भारदस्त नाव दिलंय. आपण ‘काही होत नाही’ म्हणतो.

साहेबांची काळजी नको. गार्ड काढलं म्हणून ते झापत नाहीत, माल उशिरा गेला तर झापतात. टार्गेट जवळ आलं की त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळते. अपघात झाला की मात्र नियमांची फाईल पहिल्यांदा त्यांनाच सापडते, आणि तिच्यावर तुमची सही असते.

आणि हो, शेजारी उभा असलेला शिकाऊ पोरगा सगळं बघतोय. उद्यापासून तोही गॉगल कपाळावर चढवेल. त्याला हळूहळू सगळं शिकवा. तुमच्या डाव्या हाताला तीनच बोटं कशी, असं त्यानं विचारलं, तर चहाची वेळ झाली म्हणून सांगा.