चौदा आटे

"मोटार लावली नाही? मग पाणी कसं येईल?"

हे शेजाऱ्यानं ऐकवलं असतं तर सोडून दिलं असतं. प्लंबरनं ऐकवलं असतं तर धंद्याची भाषा म्हणून हसलो असतो. पण हे ऐकवलं नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात, ज्या टेबलाच्या काचेखाली 'नळास थेट विद्युत मोटार लावल्यास मोटार जप्त करून नळजोड तोडण्यात येईल' असा कागद सरकवून ठेवलाय, त्याच टेबलामागून. वर सूर असा, की पोराला शाळेत घातलं नाही म्हणून कुणी बापाला झापावं. सोमवारची गोष्ट आहे. अजून उतरलेली नाही.

तक्रार साधी होती. पाणी दिवसाआड येतं, रात्री पावणेतीनला येतं आणि चाळीस मिनिटांत जातं. पहिली पाच मिनिटं नळ नुसता फुसफुसतो. ती रिकाम्या लाइनीतली हवा. ज्या गावांत मीटर आहेत तिथं मीटर ही हवाही इमानदारीत मोजतो; आमच्याकडे ठोक पाणीपट्टी, तेव्हा हवा फुकट मिळते एवढं सुख. मग दोनेक मिनिटं गंजाचं तांबूस पाणी. उरलेल्या वेळात पंधरा लिटरच्या नऊ बादल्या.

नऊ पंधरे एकशे पस्तीस. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष तरी काय, दरडोई दररोज १३५ लिटर! थेंबभर कमी नाही. फक्त तो एका माणसाचा एका दिवसाचा, आणि आम्ही चौघं, दिवस दोन. म्हणजे बहात्तर बादल्या हव्यात, येतात नऊ. हा हिशोब मी अर्जातच मांडला होता. टेबलामागच्या मॅडमनी तो वाचला आणि शांतपणे सांगितलं, की १३५ हा आकडा भुयारी गटार असलेल्या गावांचा. उघडी गटारं असतील तर निकष ७० चा. "आपल्याकडे भुयारी कुठंय?" म्हणजे गटार बांधलं नाही त्यांनी आणि अंघोळ निम्मी माझी. तरी सदतीस बादल्या होतात हो, असं मी म्हणायला गेलो, तेवढ्यात ते मोटारीचं वाक्य आलं.

आणि बाकावरचे काका बोलले.

हे काका कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक नगरपरिषदेत असे एक असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद, डोळ्यांत सगळ्यांच्या कामाची काळजी. ते कर्मचारी नसतात, पण शिक्का कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

"सर, अर्ध्याची घ्या," ते म्हणाले.

मला वाटलं, अर्ज अर्ध्या पानाचा हवा होता.

"मोटार वो. अर्धा एचपी. एकची घेतली तर ओढ लई बसती, पाइप चपटा हुतो."

"पीव्हीसी चपटा होत नाही काका," मॅडम रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाल्या. "तो काळा पाइप चपटा होतो. पीव्हीसीचा सांधा सुटतो."

"तेच ते," काका म्हणाले आणि बाकावर मला जागा करून दिली. मी बसलो. इथंच चुकलो.

"आता नीट ऐका. नळजोड कागदावर अर्धा इंची, तसाच ऱ्हाऊ द्या. अंगणात लाइन वर आली की तिथं टी टाकायचा. एका तोंडाला साधी तोटी. ती दाखवायची. दुसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह, त्याच्यापुढं नॉन-रिटर्न, मग मोटार. नॉन-रिटर्न इसरायचा न्हाई. न्हाईतर मोटार चालू आसताना लाइट गेली, की वरच्या टाकीतलं पाणी माघारी लाइनीत. म्हंजी तुमी जागायचं आन् गल्लीला पाजायचं."

"आणि मोटार दिसली तर?"

हा प्रश्न मी का विचारला, मला माहीत नाही. माणूस घसरतो तो असाच, माहिती म्हणून.

काकांनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे केले. "खड्डा. दोन फूट बाय दीड फूट, आतनं इटा. खाली रबराची मॅट, म्हंजी आवाज दबतोय. वर कडाप्पा. आन् कडाप्प्यावर," इथं ते थांबले, "तुळशीवृंदावन."

"वृंदावन?"

"पथक येतंय. बघतंय. वृंदावन हलवा म्हनायची छाती हाय का कुनाची?"

"आमचं पथक चपला काढून उभं राहतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. हे त्यांना माहीत असलेलं एक कार्यालयीन वास्तव होतं.

मी म्हटलं, पण काही गावांत तर पाण्याच्या वेळेला वीजच बंद ठेवतात, मोटारी चालू नयेत म्हणून. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग इन्व्हर्टर कशाला असतोय?"

मग मी विचारलं, काका, तुम्ही इथं कशासाठी?

"आमच्या नळाला चार दिवस झालं गढूळ पाणी येतंय. वास बी मारतंय. अर्ज द्यायला आलोय."

इथं हसावं की रडावं हे ठरवायला मला दोन दिवस लागले. कारण काकांच्या नळाला वास का मारतो, याचं उत्तर काकांच्याच तुळशीखाली आहे. लाइनीत दाब असतो तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. तो तोटा, पण निदान आपलं पाणी बाहेर जातं. एका गल्लीत पंधरा-वीस मोटारी एकदम ओढू लागल्या, की दाब शून्याच्या खाली जातो आणि तोच सांधा उलटा पितो. नळजोडाचे पाइप बहुतेक ठिकाणी गटारीतून नाहीतर गटारीच्या कडेनं गेलेले असतात, त्यामुळे काय पितो हे सांगायला नको. टाकीत ब्लीचिंग पावडर पडते, हे खरं. पण शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, दोन थेंब टाकले की पाणी पिवळसर व्हायला हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला ते थेंब टाकायला कुणी आल्याचं मी पाहिलेलं नाही. इकडं आत काय शिरलं त्याचा पत्ता नाही आणि दवाखान्यात गॅस्ट्रोची पोरं. ही गंमत नाही.

असो. मॅडमनी काकांचा अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, पोच दिली. माझ्या अर्जाला म्हणाल्या, "व्हॉल्व्हमनला विचारून घ्या आधी."

आमच्या गावात मुख्याधिकाऱ्यांचा नंबर कुणाकडे नाही. व्हॉल्व्हमनचा सगळ्यांकडे आहे. मुख्याधिकारी बदलून जातात, नगराध्यक्ष निवडून येतात आणि पडतात, ठेकेदारही बदलतो. व्हॉल्व्ह फिरवायची ती टी-आकाराची लोखंडी चावी मात्र त्याच खांद्यावर असते. लोकशाहीचे सगळे खांब एका बाजूला आणि ती चावी एका बाजूला ठेवली, तर पारडं कुणाचं खाली जाईल हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा.

त्याचं शास्त्र आहे. व्हॉल्व्ह जितक्या इंची, त्याच्या तिप्पट आणि वर दोन-तीन, इतके आटे फिरवले की तो पूर्ण उघडतो, असा ढोबळ हिशोब. आमचा व्हॉल्व्ह चार इंची, म्हणजे चौदा आटे. पण गेट व्हॉल्व्हची खोड अशी, की बरंचसं पाणी पहिल्या काही आट्यांतच सुटतं. शेवटचे पाच-सहा फिरवले काय नि न फिरवले काय, फारसा फरक पडत नाही. म्हणजे गावाचं राजकारण चौदा आट्यांत नसतं, ते तीन आणि पाच यांच्या मधे असतं. वरच्या आळीला पाच आटे, खालच्या आळीला तीन. ते कुठं लिहिलेलं नसतं, ठरावात नसतं, माहितीच्या अधिकारात मागितलं तर कागद सापडत नाही. कारण कागदच नसतो. ते मनगटात असतं.

मनगटालाही अडचणी आहेत, हे मान्य करू. चेंबरवरचं झाकण भंगारात गेलेलं. आत गटारीचं पाणी गुडघाभर. ग्लँडमधली, म्हणजे दांड्याभोवतीची गळती अडवणारी, दोरी कुजलेली, त्यामुळे चावी लावली की कारंजं. घाईनं उघडावं तर दाबाचा दणका बसून पुढचा सांधा उडतो, म्हणून हळूहळू उघडायचं. एका रात्रीत असे पंचवीस-तीस व्हॉल्व्ह, पावसात आणि कुत्र्यांच्या सोबतीनं, आणि पगार ठेकेदाराच्या मर्जीचा. त्याच्यावर चिडायला गेलं की चिडता येत नाही, ही आणखी एक चीड.

मी विचारलं. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडं चारच आटे फिरतात. पुढं जाम आहे."

"कधीपासून?"

"प्रशासक होते तेव्हापासून."

प्रशासक म्हणजे तो काळ, जेव्हा राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत नगरसेवकच नव्हते. सुमारे चार वर्षं. तेव्हा तक्रार केली की उत्तर मिळायचं, निवडणूक होऊ द्या. झाली. २ डिसेंबर २०२५ ला आम्ही रांगेत उभं राहून प्रत्येकी तीन मतं दिली, दोन प्रभागाच्या दोन जागांना आणि एक थेट नगराध्यक्षाला. मोजणी लांबून २१ तारखेला गेली. मतं एकोणीस दिवस कुलपात! एवढ्या दिवसांनी मनमाडला एकदा पाणी यायचं, असं आमच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालंही.

हे मनमाडचं एक आहे. दिवसाआड पाण्याची तक्रार केली की नगरपरिषदेतला कुणीही म्हणतो, मनमाड आठवा, उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी यायचं. मनमाडकर बहुधा लातूरचं नाव घेत असतील, जिथं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. खाली बोट दाखवायला महाराष्ट्रात गावांची टंचाई नाही. कराडशेजारच्या मलकापूरचं नाव मात्र कुणी काढत नाही. तिथं मीटर बसवून, वापराप्रमाणे दर लावून चोवीस तास पाणी दिलं. नळाला कायम दाब असला की मोटार कुणी कशाला लावेल, हौद कुणी कशाला बांधेल? पण मीटर म्हटलं की आमच्याकडे मोर्चा निघतो, आणि मोर्चात पुढं कोण असतं ते सांगायला नको. तुळशी आहेत ना.

आणि हे मला जास्त झोंबलं ते एवढ्यासाठी, की प्रचाराच्या दिवसांत आमच्या नळाला संध्याकाळी सात वाजता पाणी येत होतं. रोज. पाऊण तास. टाकी तीच, पाइप तोच, व्हॉल्व्ह तोच जाम झालेला. तेव्हा तो कसा फिरत होता, हे विचारल्यावर व्हॉल्व्हमन हसला आणि खांदा बदलून चावी घेतली.

नगरपरिषदेच्या जिन्यात सेवांचा मोठा फलक आहे. त्यावर एक सेवा लिहिलीय, 'पाण्याची दबाव क्षमता तक्रार'. दबाव पाण्यावर आहे की तक्रार करणाऱ्यावर, ते फलकावरून कळत नाही. त्या नावानं मी गुरुवारी नवा अर्ज दिला. या वेळी पोच मिळाली. मोटारीचा विषय मॅडमनी काढला नाही.

काका बाकावर होतेच. त्यांचं पाणी अजून गढूळ. मला पाहून त्यांनी पिशवीत हात घातला आणि कागदाऐवजी दुधाच्या पिशवीत बांधलेलं एक रोप काढलं. काळी तुळस.

"मोटार तुमी घ्या तवा घ्या. हे आत्ताच लावा, तवर वाढतंय." मग आठवल्यासारखं म्हणाले, "तांब्याभर पाणी घालत जावा सर. रोज. दिसाआड चालत न्हाई तिला."